गिअरबॉक्स उतरवणारा

नारायणगावात बायपासजवळ त्याचं गॅरेज आहे. बॉनेट उघडण्याआधीच तो निदान सांगतो, तेही मोठ्याने, समोरच्या चहाच्या टपरीला ऐकू जाईल असं. एकदा सांगितलेलं निदान त्याने बदललेलं मी पाहिलेलं नाही.

परवा पिंपरी पेंढारचा एक शेतकरी टोमॅटोने भरलेला पिकअप घेऊन आला. गाडी रिव्हर्स घेत नव्हती आणि बाजारात गाळ्याला गाडी मागूनच लावावी लागते.

"गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागंल," हा खुर्चीतूनच म्हणाला.

"भाऊ, खाली बघा तरी. माल लई पिकलाय. आजचा बाजार चुकला तर फेकावा लागंल."

"डॉक्टर तुमी का मी, राव?"

टपरी हसली. मग तो गाडीखाली शिरला. मी शेजारीच उभा होतो, त्यामुळे मला दिसलं. गिअरची केबल खाचेतून निसटली होती. त्याने ती अंगठ्याने दाबून नीट बसवली. क्षणभर थांबला, टपरीकडे पाहिलं आणि केबल पुन्हा ओढून काढली.

"अहो, बसली होती की केबल," मी म्हणालो.

"पावणं, गिअरबॉक्समधलं तुमाला काय कळतंय?"

शेतकऱ्याने मलाच गप्प केलं. "करू द्या त्यांना. लई मोठे मिस्त्री हायेत."

संध्याकाळी पिकअप रिव्हर्समध्ये गेला. टपरीने वाहवा केली. बाजार कधीच उठला होता. दिवसभर उन्हात राहिलेल्या क्रेटमधून टोमॅटोचं पाणी गळत होतं. ते पाहून तो शेतकऱ्याला म्हणाला, "माल जरा कच्चा तोडायचा, राव. एवढं बी कळत न्हाई?"