गोड ज्वारीचा पाहुणचार

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि चहा करणाराही मीच. आई गेल्यापासून घरात दोनच माणसं: मी आणि आबा. आबा दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन बैलाशी! बरोबरीचे दोस्त पुण्याला, नाहीतर सुरतेला. त्यामुळे देवपूरहून मुलीकडचे घर बघायला येणार म्हटल्यावर मी हरखलो. लग्न पुढची गोष्ट. घरात कुणीतरी बोलेल तरी!

तेव्हा मी गोड ज्वारी लावली होती. हिच्या धांड्यात उसासारखा रस असतो. तो आंबवून इथेनॉल करतात, ते पेट्रोलमध्ये मिसळतात. (गावाला हे समजावण्यात माझी अख्खी बी.एस्सी. खर्ची पडली.) ठरवलं, पाहुण्यांना चहा नाही, आपल्या शेतातला रस द्यायचा! पण रसवंतीवाल्याला सवड आदल्या दुपारीच. रस काढला, माठात भरला, ओलं फडकं बांधलं. (फ्रीज आहे. त्यात आबांचे कपडे असतात.)

पाहुणे आले: मुलीचे वडील, आत्या आणि मामा.

"पोर्‍या काय करस?" मामांनी आबांना विचारलं.

आबा नेमके तेव्हा बोलले, "दारूनी जवारी लावस."

"आबा, दारूची नाही, इंधनाची!" मी ओरडलो आणि गडबडीत रस पुढे केला. वर फेस होता. मला वाटलं, ताजेपणा! (विषय रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी.)

वडिलांनी वास घेऊन ग्लास खाली ठेवला. आत्यांनी पदर नाकाला लावला. मामांनी मात्र गटागटा पिऊन तांब्याच मागितला. "आखो दे, जवाईबापू!" थोड्या वेळाने ते बैलाच्या गळ्यात पडून म्हणाले, "याले बी दे!"

"उठा," वडील म्हणाले. "भट्टीवाल्याला पोरगी द्यायची नाही."

"अहो, हे पेट्रोलमध्ये घालतात..."

"मग एखाद्या पंपाशीच लगीन लाव!"

मुलगी नाशिकला दिली. हे मला मामांनीच सांगितलं. ज्वारीच्या हंगामात ते दर रविवारी येतात. ओट्यावर बसतात, मला अजून जवाईबापू म्हणतात, दिवस मावळेपर्यंत बोलतात. आबासुद्धा हसतात.

एकदा मी त्यांना ताजा रस दिला. मामा अर्धा ग्लास पिऊन लगेच निघाले.

तेव्हापासून मी रस शनिवारीच काढून ठेवतो.