बोंबलांची राखण

माझ्या या शाळासोबत्याने आयुष्यात एकही बास्केट केलं नाही, तरी पालघरपासून तारापूरपर्यंत त्याच्यासारखा बास्केटबॉलपटू झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, कॉलनीत साहेबलोकांनी रिंग लावली आणि संध्याकाळी एकास एक सामने रंगू लागले. बाकीचे नेम धरायला शिकले, हा फक्त अडवायचा. अडवणं त्याला शिकावं लागलंच नाही. लहानपणी आई मासळी विकायला गेली की अंगणात वाळत टाकलेल्या बोंबलांची राखण याच्याकडे असे. मांजर दिसलं की गुडघे वाकवून, हात पसरून हा मध्ये उभा. "डोले फसवतात, पाय फसवतात," तो मला शिकवी, "पोट नाय फसवत. पोट जिकडे, मांजर तिकडे!" कॉलनीतल्या भल्याभल्यांना त्याने याच मंत्रावर रडवलं.

पायात पाय न अडकवता बाजूबाजूने सरकायची त्याला इतकी सवय लागली, की बोईसरच्या बाजारातही तो खेकड्यासारखा चाले. एका लग्नात वाढपी भाताचं घमेलं घेऊन आला, तर याने त्याला असा अडवला की पुढची सगळी पंगत कोरड्या पानाकडे बघत बसली. वर मलाच विचारतो, "मी हात लावला काय त्याला? मग फाउल कसला?"

आई गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यानेच वाढवलं. तिचं मन बसलं पालघरजवळच्या माहीमच्या एका फिटरवर. तो मागणी घालायला आला, तर हा म्हणाला, "मला चुकवून एक बास्केट टाक, मग बोलू." बहीण कडाडली, "मी काय बोंबील हाय, माजी राखण करतोस ती?"

रविवारी सामना ठरला. पंच मी. अख्खी आळी लोटली होती. फिटर डावीकडे झुकून उजवीकडे निघाला, खोट्या उड्या मारल्या, घामाने निथळला. पण हा काही फसेना. नजर फिटरच्या पोटावर खिळलेली. अंधार पडत आला, पोर गेली फिटरच्या हातची, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात बहीण सरळ मैदानात आली आणि फिटरच्या मागे उभी राहिली. "दादा," एवढंच म्हणाली.

त्याने नजर वर केली. मला एकदम आठवलं, लहानपणी त्याच्या राखणीतून बोंबील पळवणारं एकच माणूस होतं. ही दुडुदुडु यायची, हसायची आणि हा तोंड फिरवून समुद्राकडे बघत राही. आताही त्याने तोंड फिरवलं. फिटर बाजूने निघाला, चेंडू रिंगमध्ये पडला.

"पाय घसरला," तो मला म्हणाला. मैदान ठणठणीत कोरडं होतं. मी मुकाट्याने शिट्टी वाजवली.

लग्नानंतर एकदा त्याच्याकडे गेलो. हा पायरीवर एकटाच बसलेला. समोरून मांजर आलं आणि ऐटीत बोंबील उचलून निघालं. "अरे, गेलं ना ते!" मी ओरडलो.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "कोनीतरी चुकवून जायाला पायजे."

मला फार वाईट वाटलं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो, आणि आम्ही दोघं समुद्राकडे बघत राहिलो.