सरांच्या दारात गेलेल्या वकीलबाई

गोंदियाच्या कोर्टात त्या वकीलबाई मला अजूनही भेटतात. चालतात झरझर, पण बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबतात आणि समोरच्याला कळलं की नाही ते बघतात. फोनवर हिंदीत भांडतात, पक्षकाराशी मात्र आपल्या बोलीत बोलतात.

माझ्या आईचा मुर्री गावच्या शेतातल्या वाट्याचा दावा खारीज झाला होता, कारण आमचे आधीचे वकील तारखेला गेलेच नव्हते. त्यांची चूक कोर्टात मांडायला एकही वकील तयार होईना. शेवटी आम्ही या वकीलबाईंकडे गेलो. आधीच्या वकिलांचं नाव ऐकलं आणि बाईंचा चेहरा उतरला.

"यायच्याच हाताखाली मी शिकली."

आई निघायला उठली.

"काऊन उठून राहिल्या मावशी? बसा ना."

दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन त्या थेट त्या म्हाताऱ्या वकिलांच्या घरी गेल्या. आधी पाया पडल्या, मग म्हणाल्या, "सर, तुमच्या चुकीनं या मावशीचा दावा गेला. तुम्ही कबूल करा, नाही तर मला तुमची तक्रार करावी लागेल."

समोरचा चहा निवून गेला. शेवटी सर म्हणाले, "शपथपत्र तयार कर. मी सही करतो."

दावा पुन्हा सुरू झाला, तेव्हा आई आभार मानायला गेली.

"माझे नाही, सरचे माना," बाई म्हणाल्या.

"त्यायचे कायले? तू नसती त ते घरीच बसले असते," आई म्हणाली आणि कोर्टाच्या भर आवारात तिनं वकीलबाईंवरून दोन्ही हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, त्यांची दृष्ट काढली.