सासूबाईंचं ग्राफिक्स कार्ड

आपल्या सासूबाई हट्टी आहेत असा ज्या जावयांचा समज आहे, त्यांनी एकदा माझ्या सासूबाईंबरोबर उघड्या कॉम्प्युटरसमोर बसून बघावं. घरी जाऊन ते स्वतःच्या सासूबाईंना वाकून नमस्कार करतील. माझ्या सासूबाई जबलपूरला अधारतालमध्ये राहतात, वय अडुसष्ट, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्ती शाळेपुरतीच. त्यांच्या स्वयंपाकघरात मीठ कधी डाव्या हाताला नसतं, ओट्याच्या पश्चिमेला असतं. चष्मा हरवला की "फ्रिजच्या ईशान्येला बघा" म्हणतात, आणि आपण ईशान्य शोधत गोल फिरलो की आपले गुण कापले जाताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसतात. शिवाय कारणाशिवाय कुणाचं काही ऐकायचं नाही. डॉक्टरांनी गोळी जेवणानंतर घ्या म्हटलं, तर "किती मिनिटांनंतर, आणि काहून?" असं विचारून त्यांनी बाहेरच्या सगळ्या पेशंटांना ताटकळत ठेवलं होतं.

आणि या बाई कॉम्प्युटरवर ट्रक चालवतात. जन्मात कधी स्कूटर चालवली नाही, पण ट्रक चालवायच्या एका खेळात त्या परदेशातले घाट उतरतात, सिग्नलला थांबतात, वळणावर खुर्चीतल्या खुर्चीत झुकतात. दर रविवारी चार वाजता त्यांच्या ट्रकमध्ये एक प्रवासी असतो: त्यांची धाकटी बहीण. ती नागपूरला असते, कमरेचं हाड मोडल्यापासून आठ महिने अंथरुणावर. इकडे सासूबाई ट्रक चालवतात, तिकडे बहीण तोच रस्ता इंटरनेटवरून आपल्या टीव्हीवर बघते आणि दोघी फोनवर बोलत राहतात. पण जुन्या कॉम्प्युटरला ही दोन कामं एकदम झेपत नसत. ट्रक बेडकासारखा उड्या मारायचा आणि बहिणीचं डोकं दुखायचं. म्हणून ग्राफिक्स कार्ड आलं. शनिवारी आलं आणि माझी वाट न बघता बाईंनी एक व्हिडिओ लावून ते स्वतःच बसवलंही. रविवारी सकाळी फोन. "जावईबापू, पंखे फिरून राहिले, पण पडद्यावर 'नो सिग्नल'. लवकर या. चारला ती वाट बघते."

मी स्कूटर काढून गेलो. कार्डाला पॉवरची वायर लागली नसेल, असं म्हणालो. "कारण?" कारण सांगितलं. वायर व्यवस्थित लागलेली होती. मग कार्ड नीट बसलं नसेल म्हणून ते काढून पुन्हा दाबून बसवलं. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, लावल्या. दर खेपेला सासूबाई वहीत माझं म्हणणं लिहायच्या आणि पुढे 'चूक' असा शेरा मारायच्या. वर सूचना चालूच: "नैऋत्येचा स्क्रू ढिला आहे." पेचकस हातात धरून मी नैऋत्य शोधत होतो. "तुम्ही अंदाज करून राहिले, जावईबापू," त्या म्हणाल्या, "तपास नाही करून राहिले."

शेवटी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मेन रोडवरच्या दुकानात न्यायचं ठरलं. सासूबाई स्कूटरवर मागे, मांडीत तान्ह्या बाळासारखा डबा. प्रत्येक गतिरोधकावर "हळू! आत कार्ड आहे!" पुढे जावई आहे, याची कुणाला चिंता नव्हती. दुकानदाराने आपला मॉनिटर लावला आणि मिनिटात चित्र आलं. कार्डाचं सॉफ्टवेअरही टाकून दिलं. "आंटीजी, मक्खन चल रहा है." घरी आलो, सगळ्या वायरी लावल्या: नो सिग्नल. पुन्हा गोधडी, पुन्हा स्कूटर, पुन्हा मक्खन. पुन्हा घर, पुन्हा नो सिग्नल. "तुमच्या स्कूटरवरच काही होत असेल," सासूबाई म्हणाल्या. मी सकाळपासून एका कप चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. तो डबा गच्चीवरून खाली सोडावा, असं मला मनापासून वाटत होतं.

चार वाजून पाच मिनिटांनी नागपूरचा फोन वाजला. सासूबाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "टायर पंक्चर झालं गं. जावईबापू बदलून राहिले."

"खोटं नको बोलू, ताई," पलीकडून बहीण हसली. "काय झालं ते सांग."

सासूबाईंनी वहीतून सगळं वाचून दाखवलं. बहिणीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडद्याची वायर मागे कुठं लावली?"

"नेहमी लावते तिथंच. मी तर चिठ्ठीच चिकटवली आहे, 'वायर इथेच लावणे' म्हणून."

"अगं, पण नवीन कार्ड आलं ना? त्याला आपलं वेगळं भोक नसेल का?"

मी डब्याच्या मागे वाकलो. चिठ्ठीच्या बोटभर खाली कार्डाचं नवं कोरं भोक रिकामं होतं. दुकानदाराने दोन्ही वेळा आपली वायर तिथेच लावली होती आणि मी समोर उभा राहून पंखे बघत होतो. घरी येऊन दोन्ही वेळा मी सासूबाईंच्या सुवाच्य अक्षरातल्या हुकुमाप्रमाणे जुन्या जागी वायर लावली होती. ती बदलली. पडदा उजळला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "एवढे शिकलेले तुम्ही. चिठ्ठी काहून वाचत बसले?"

मी हेल्मेट उचललं. पुन्हा या घरात पेचकस हातात घ्यायचा नाही, असं ठरवूनच उठलो. पडद्यावर ट्रक निघाला होता, आता एकही उडी न मारता. फोनमधून बहीण म्हणत होती, "रस्ता ओला आहे का गं? कसा चमकून राहिला." मग पूल आला, नदी आली, बोलणं विरळ झालं. मग पलीकडून शब्दच येईना.

"आई, फोन कटला वाटतं," मी म्हणालो.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपली," त्या कुजबुजल्या. "रात्रभर कंबर ठणकते, डोळाच लागत नाही तिचा. या इंजिनाच्या आवाजावर लागतो."

माल उतरवायचं गाव आलं. त्या वळल्या नाहीत. "आलं ना?" मी हळूच विचारलं.

"थांबवलं की जागी होते ती."

गाव मागे पडलं. सासूबाई हॉर्न न देता, वेग कमीजास्त न करता, कुठेच न जाणाऱ्या रस्त्याने ट्रक चालवत राहिल्या. मी हेल्मेट खाली ठेवलं, आवाज होणार नाही असं, आणि शेजारच्या स्टुलावर बसलो. खोलीत अंधारून आलं, तरी बटणाचा खटका नको म्हणून दिवा लावायला मी उठलो नाही.