आसा तसो

बाबल मेला.

"देवाज्ञा झाली" वगैरे मी लिहिणार नाही. चाळिशीच्या आत माणूस जातो तेव्हा तो मरतो, आणि मला त्याचा भयंकर राग आलाय.

परवा सकाळी जत्रेचे स्पीकर चढवताना छातीत कळ आली. ओरोसच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

बाबल माझा मावसभाऊ. साउंडवाला. तो रांगत होता तेव्हाच मावशी गेली, आणि माझ्या आईने त्याला आमच्यात वाढवला. मला अक्का म्हणायचा आणि माझं एक ऐकायचा नाही.

सगळ्या तालुक्याला आवाज पुरवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या आईचा आवाज कधी ऐकला नव्हता.

म्हणजे आवाज होता. एका स्पूलवर.

बाबलाच्या बारशाला आमचे बोटीवरचे मामा स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. त्यांनी मावशीचा पाळणा टेप केला. मशीन नंतर मामांबरोबर गेलं, कुठेतरी विकलं गेलं. स्पूल राहिलं. आईने ते फडक्यात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलं होतं. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, तिथे टेपचं काय.

त्यासाठी बाबल वर्षानुवर्षं मशीन शोधत होता. मग कुडाळात सायबर कॅफे झाले आणि त्याला ऑनलाइन लिलावाचा नाद लागला.

एक दिवस फोन. मी तेव्हा सावंतवाडीला शाळेत शिकवायचे.

"अक्का, जिंकलंय! एक जण सारखो आकडो वाढवत होतो, पण मी सोडूक नाय."

"अरे पण चालू आहे का ते?"

"फोटोत लाइट पेटलेली दिसता मा. आणि खाली काय लिवलला आसा, ठावक आसा? 'ॲज इज'. म्हणजे आसा तसो! फोटोत आसा तसोच येतलो."

ज्या दोन शब्दांत विकणारा हात झटकून मोकळा झाला होता, तेच दोन शब्द आमच्या बाबलाला वचन वाटले.

मी सांगितलं, बाबा रे, त्याचा अर्थ तसा नाही. पुढे काही झालं तर आम्हाला विचारू नका, असा आहे. तर म्हणाला, "तुमी शिकलेली माणसा उगाच भियतास."

आईने मात्र एकच विचारलं. "लिलावात घेतलंस, पण कल्लो बघितलंस?"

आमचं घर मासळीवर जगलेलं. किनाऱ्यावरच्या लिलावात माशाचा कल्ला उघडून लाल आहे का बघितल्याशिवाय आई बोली लावत नसे. त्यात विकणारा दुसऱ्या दिवशी त्याच वाळूत समोर उभा असतो, पळून जातो कुठे? या लिलावात ना कल्ला, ना वाळू, ना माणूस.

पार्सल कसालपर्यंतच आलं. तिथून बाबलाने ते मांडीवर धरून रिक्षाने आणलं. पडवीत मांडलं, पुसलं, रिकामं फिरवून बघितलं. लाइट पेटली. चाकं फिरली. खरंच फोटोतल्यासारखंच होतं हो.

"मायझया, बघ," म्हणाला. एवढा खूश मी त्याला त्याच्या लग्नातही बघितला नाही.

मग त्याने स्पूल लावलं.

आधी खरखर. लांब कुठेतरी कोंबडा. आणि मग अगदी जवळून, एका बाईचा आवाज.

"दादा, आवाज आसा?"

मामा हसले. मावशीने गाण्यासाठी श्वास घेतला. तो श्वाससुद्धा ऐकू आला आम्हाला.

आणि मशीनने टेप गिळली.

आतलं रबरी चाक पडून पडून पार गुळासारखं चिकट झालं होतं. ते कुठल्या फोटोत दिसणार? बाबलाने बंद करेपर्यंत टेप त्याच्याभोवती गुंडाळून चुरगळली, तुटली. बोटांनी हळूहळू सोडवत बसला. हाताला नुसते तुकडे आले.

आई म्हणाली, "शिरा पडो त्या मशीनार."

"नको गो," बाबल म्हणाला. "तेच्यामुळेच एवढा तरी गावला."

विकणाऱ्याला मेल केला. उत्तर आलं, "ॲज इज." बस्स.

त्यानंतर कोणी सेकंडहँड ॲम्प्लिफायर ऑनलाइन घेऊ का विचारायला आला की बाबल एवढंच सांगायचा, "फोटोक आवाज नसता रे. कानान ऐक, मगे घे."

आणि माइक टेस्टिंगला त्याचं "हॅलो, वन टू" कायमचं बंद झालं. डबलबारीत दोन बुवांचा भजनाचा सामना सुरू व्हायच्या आधी बाबल माइक हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "आवाज आसा?"

मागून पब्लिक ओरडायचं, "आसा!"

लोकांना वाटायचं, स्टाइल आहे त्याची. आम्ही घरचे खाली मान घालून बसायचो.

काल सगळे निघून गेल्यावर त्याची बायको, सुषमा, माझ्याजवळ येऊन बसली. मांडीवर मनू. ती आत्ता कुठे "बाबा" म्हणायला लागलीय.

"अक्का, ह्येंचो आवाज खंय गावतलो काय?"

शोधलं आम्ही. मोबाइल साधा, त्यात काही नाही. लग्नाच्या सीडीत व्हिडिओवाल्याने सगळा आवाज काढून वर सनई टाकलीय. बाबलाने सगळ्यांची भजनं रेकॉर्ड केली, पण विकायच्या सीडीत सुरुवातीचं टेस्टिंग कापलेलं असतं.

मला रडायला तेव्हा आलं. स्मशानातही आलं नव्हतं.

म्हणून ही पोस्ट. तुमच्यापैकी कोणी डबलबारीला, दशावताराला, कुणाच्या लग्नात मोबाइलवर काही भरून घेतलं असेल तर अगदी सुरुवातीपासून ऐका. बुवांचं भजन तुमच्याकडेच राहू दे. आम्हाला त्याच्या आधीचं हवंय.

खरखर असू दे, तुटलेलं असू दे. आसा तसो द्या.

बाबल, तू जा आता. मनूला तुझा आवाज ऐकवल्याशिवाय तुझी अक्का गप्प बसणार नाही.