भोंगा झाला तरी न उठणारी

कवठे महांकाळच्या स्टँडवर मला साताऱ्याच्या एसटीत बसवताना आई रडली नाही. खिडकीतून भाकरीचं गठुडं आत ढकलत एवढंच म्हणाली, "पात अर्धी टाकून उठू नगंस. माणसं नावं ठेवत्यात." भांगलताना, म्हणजे शेतातलं तण काढताना, एकेका बाईच्या वाट्याला येते ती पिकाची पट्टी म्हणजे पात. गावात राहिलेल्या माझ्या बहिणींना हे सांगायला नको, पण पुण्या-बेंगळुरात वाढलेल्या आपल्या नातवंडांसाठी सांगितलं.

साताऱ्यात आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, गॅरेजात कामाला होते. मला एमआयडीसीत काम लागलं, टीव्हीत बसणाऱ्या कॉइल गुंडाळायचं. तांब्याची तार, केसाहून बारीक. पहिल्या दिवशी मी ठुशी-नथ घालून गेले, वऱ्हाडातली करवलीच जणू!

सुटीचा भोंगा झाला की बाया हातातलं तसंच ठेवून उठायच्या. मला वाटायचं, काय ह्या आळशी! मी ट्रे भरूनच उठायची. फोरमन शाबासकी द्यायचा आणि मी मान ताठ करून फाटकाबाहेर पडायची. एकटीच. डब्याच्या वेळी माझ्या शेजारची स्टुलं रिकामी राहू लागली, तर म्हटलं, जळतायत मेल्या. अक्कल बघा माझी!

मग फोरमननं माझ्याकडं बोट दाखवून सगळ्यांचेच ट्रे वाढवले. भरल्याशिवाय सुटका नाही. भोंगा होऊन जायचा आणि बाया खाली मान घालून बसलेल्या. माझ्याशी कुणी शब्द बोलेना. आता गावाकडची एसटी धरावी, असं मनात पक्कं केलं.

त्याच संध्याकाळी शेजारची कमलताई उठली, दुधगावची, जैनाघरची. तिनं माझ्या मशीनचा खटकाच बंद केला.

"आगं ए कामसू म्हशे, ही पात सपायची न्हाई. तू वढशील तशी लांबतीया. तिकडं माझी पोर पाळण्यात कोकलतीय. ऊठ!"

"फोरमन काय म्हणतील, ताई?"

"त्येला म्हणू दे. तू ऊठ की!"

मी उठले. मग सगळी ओळच उठली. फोरमन दोन-चार दिवस धुसफुसला, मग गुमान ट्रे पहिल्यासारखे केले. फाटकाबाहेर कमलताईनं शेंगा-गूळ काढला आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. त्या मुठीवर मी साताऱ्यात राहिले.

आता नात सायली असल्याच कंपनीत आहे. तार मशीन आपलं आपणच गुंडाळतं, ही स्क्रीन बघते. ऑर्डर आली की बारा-बारा तास, नसली की सक्तीची सुट्टी. भोंगा तर नाहीच. घरी आली तरी मोबाइल टिंगटिंगतो, "उद्या लवकर या." मी तो उचलून तांदळाच्या डब्यात ठेवते. "आज्जे, नोकरी घालवशील माझी!" म्हणते, पण हसत ताटावर बसते.

कवठ्याला गेले की विचारतात, तुझं घर हितलं का तिथलं? दोन्हीकडच्या माणसांनी मला सांभाळलं, कुणाचं नाव घेऊ? एवढं मात्र कळलंय, की पोरीची शिफ्ट सुटून तिच्या चपला दारात येईपर्यंत आमचं घर सुरूच होत नाही.