जुन्या पुलाचा नारळ

क्वात्र बॉर्नहून बेटाच्या राजधानीला, पोर्ट लुईला, जाणाऱ्या आमच्या बसच्या ड्रायव्हरला सगळे नुसतं ‘शोफेर’ म्हणत. गाडी चालवताना तो गायचा. नदीवरचा अरुंद पूल आला की गाणं थांबवून कपाळाला हात लावून पुलाला नमस्कार करायचा आणि पलीकडे पोचल्यावरच पुढची ओळ धरायचा.

हायवेचा नवा पूल उघडला, त्या सकाळी सगळ्या गाड्या तिकडे धावल्या. शोफेरनं बस जुन्या पुलावर नेली, मधोमध थांबवली आणि उतरून कठड्यावर नारळ फोडला.

“आयो, शोफेर! कामाला उशीर होतोय, आणि नारळ नव्या पुलाला फोडतात!” मी ओरडले.

“नव्याला मिनिस्टर हाय, हार हायती. ह्याला कोन हाय, बाय?”

त्यानं बसभर खोबरं वाटलं. मग गाडी सुरू केली आणि पहिल्यांदाच पुलावर गाणं धरलं. मागच्या सीटवरची आफ्रिकी वंशाची क्रेओल म्हातारी भरल्या तोंडानं त्याच्या मागे गाऊ लागली. मग आम्ही सगळेच.